फोन तिच्याकडे द्या

६ मार्च

भिंगरीस,

दादाचं पत्र बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. आणि समेटासाठीही लिहीत नाहीये. तुझी वहिनी आत शेवटच्या घटका मोजत होती आणि तू दवाखान्याच्या पॅसेजमध्ये डॉक्टरला नियम शिकवत होतीस. मी म्हणालो, 'हे तुझ्या ऑफिसात जाऊन शिकव.' त्यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. तू चहासुद्धा न घेता तडक निघून गेलीस, फोनचा नंबर बदललास, आणि दादा मेला की जगला हेही विचारलं नाहीस. असो. उगाळून काय उपयोग?

बातमी अशी, की तू आत्याआजी झालीस. सूनबाईला मुलगी झाली. नाक कुणाचं ते अजून ठरत नाही, पण आवाज तुझाच आहे, शेजारपाजारच्यांनी कानाला हात लावलेत. डोळे उघडले की आधी छताकडे बघते, मग पंख्याकडे, मग माझ्याकडे, आणि कपाळाला आठ्या घालते. म्हणून मी तिला इन्स्पेक्टरबाई म्हणतो. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, सतराशे साठ इन्स्पेक्टर पाहिले, पण इतका कडक एक नाही पाहिला.

तुझा पत्ता कुठून मिळाला म्हणशील. बाळंतिणींच्या वॉर्डात भिंतीवर तुमच्या त्या जगभरच्या आरोग्याचे नियम करणाऱ्या ऑफिसचा मोठा तक्ता लावलाय. वर गोल शिक्का, मध्ये बाळाला घेतलेली हसरी बाई, आणि तळाला मुंगीच्या पायासारख्या अक्षरात पत्ता. चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला, तेव्हा कुठे उतरवून घेता आला. तुझं नाव काही त्यावर नाही. इतकी वर्षं तिथे या बायकांसाठी राबतेस, मग नाव नको टाकायला?

वाचला मी तो सगळा. बाळ-बाळंतीण निदान एक पूर्ण दिवस दवाखान्यात राहिली पाहिजेत. पुढे दीड महिन्यात तीनदा तरी जाणत्या माणसानं दोघांना बघायचं, पहिल्या आठवड्यात जमेल तर घरी येऊन. बाळाचं बघायचं तसं आईचंही बघायचं. जगात सगळीकडे हेच प्रमाण. खरं सांगतो, वाचून बरं वाटलं. म्हटलं, आपली भिंगरी फिरून फिरून चांगल्या जागी थांबली.

पण सूनबाई पहाटे मोकळी झाली आणि त्याच संध्याकाळी आम्हाला घरी पाठवलं. मी गप्प बसतो होय? सिस्टरला तक्त्याकडे बोट दाखवलं. म्हटलं, 'बाई, इथे पूर्ण दिवस लिहिलाय.' तिच्या एका हातात सलाइनची बाटली, दुसऱ्या हातात कुणाचं तरी पोर. म्हणाली, 'काका, तो तक्ता मीच चिकटवलाय. कॉट चिकटवता येत नाहीत.' दारात दुसरी बाई पोट धरून उभीच होती, आमच्या कॉटवरची चादर बदलायची वाट बघत. तिला काय परत जा म्हणणार? आम्ही बोचकं उचललं आणि निघालो. निघेपर्यंत बाळाचं वजन तीन वेळा केलं. सूनबाईला उतरताना जिना झेपेल का, एवढं मात्र कुणी विचारलं नाही.

आपले चिरंजीव जहाजावर स्वयंपाकी आहेत हे तुला ठाऊक आहे. जहाज भर समुद्रात, फोन लागला तर लागला. सूनबाईची आई ती लहान असतानाच गेली. म्हणजे ओल्या बाळंतिणीच्या दिमतीला कोण, तर मी. हस, पोटभर हस. मी लंगोट धुतो, सूप करतो, ते खारट होतं, मग पाणी घालतो. वरच्या मजल्यावरची शिवणवाली रोज येऊन बाळाला अंघोळ घालायची, पण ती कालपासून बहिणीकडे गेलीय. आतली खोली सूनबाईला दिली, मी बाहेर सोफ्यावर. मधलं दार लोटलेलं.

आता कामाचं. सूनबाई वाकून चालते. ताटातलं निम्मं तसंच परत येतं. काही होतंय का, हे मला विचारता येत नाही गं. सासऱ्याने काय विचारायचं? 'टाके कसे आहेत?' जीभच उचलत नाही. मी दाराबाहेरून म्हणतो, 'बरं आहे ना?' ती आतून म्हणते, 'हो बाबा.' झाली आमची तपासणी! तुमच्या पुस्तकात सासऱ्याने कसं विचारावं असं काही लिहिलंय का? असेल तर तेवढंच पान पाठव.

आणि हो, तुमच्या नियमाचा आज फोन आला! घरोघर फिरायला नर्स पुरत नाहीत, म्हणून दवाखान्यातून फोन करून चौकशी करतात. नंबर माझा लिहिलेला, मीच उचलला. मुलगी मोठी चुणचुणीत. 'बाळ दूध पितं का? शी-शू होते का? बेंबी कोरडी आहे का?' मी फटाफट उत्तरं दिली, पहिला नंबर आल्यासारखी. मग म्हणते, 'आईला ताप आहे का? अंगावरून किती जातंय? वास...' माझे कान तापले. मी मध्येच तोडून म्हटलं, 'सगळं उत्तम आहे.' तर म्हणते, 'आजोबा, जरा फोन त्यांच्याकडे द्या ना.' म्हटलं, 'आत्ताच तिचा डोळा लागलाय, कशाला उठवता? बाळंतिणीला झोपेपेक्षा मोठं औषध नाही.' 'बरं आजोबा, मग सगळं ठीक असं लिहिते.' म्हटलं, 'लिही बाळ.'

तू उंटावरून शेळ्या हाकतेस असं मी सगळ्यांना सांगत आलो. पण बघ, शेळीपर्यंत आवाज पोचला की!

तुझा, अजून रागातच असलेला,
दादा


९ मार्च

भिंगरीस,

मागचं पत्र लिहिताना मी मजेत होतो. आता नाही.

लिफ्ट बंद पडायच्या आधी आवाज बदलतो. माणसं आत उभी राहून गप्पा मारत असतात, त्यांना काही कळत नाही, पण आम्हाला जिन्यावरूनच कळतं. तसा सूनबाईच्या सपातांचा आवाज बदललाय. आधी पाऊल हळू पडायचं, पण पडायचं. आता ती पाय घासत जाते. मोरीपर्यंत जाते, भिंतीला टेकते, मग पुढे. मी पेपर तोंडासमोर धरून बसतो आणि ऐकतो. भर दुपारी तिने स्वेटर घातलाय. मी जाऊन पंखा बंद केला. म्हटलं, 'गार वाटतंय का?' म्हणाली, 'थोडंसं. बंद केलात ते बरं केलंत बाबा.' आभार मानले गं तिने माझे! काल इन्स्पेक्टरबाई रडत होती आणि तिला उचलायला सूनबाईला वेळ लागला. मी दारात जाऊन हात पुढे केले. तिने बाळ दिलं. तिचा हात माझ्या हाताला लागला तो कढत होता. मी म्हटलं, 'ताप आहे का?' ती म्हणाली, 'अंगात दूध उतरतं तेव्हा असं होतं म्हणतात.' मला त्यातलं काय कळतं? मी 'असेल' म्हणालो.

मग डोकं चालवलं. ज्या नंबरवरून फोन आला होता तोच लावला. बाई बोलते, माणूस नाही, रेकॉर्ड केलेली: या नंबरवर येणारे फोन घेतले जात नाहीत. घ्या! विचारायला नंबर आहे, ऐकायला नाही. मग इन्स्पेक्टरबाईला खांद्यावर टाकून रिक्षाने दवाखान्यात गेलो. काउंटरवरचा म्हणाला, 'पेशंटला आणा.' म्हटलं, 'अहो, कुणी घरी येऊन बघणार नाही का? भिंतीवर लिहिलंय.' तो म्हणाला, 'फोन झालाय ना तुमचा?' म्हटलं, 'झालाय.' तो म्हणाला, 'मग झालं.' चांगला मुलगा आहे, जेवणाचा डबा उघडून तसाच बाजूला ठेवला होता माझ्यासाठी. त्याच्यावर ओरडून काय होणार?

घरी येऊन सूनबाईला म्हटलं, 'चल, दाखवून येऊ.' म्हणाली, 'नको ना बाबा. नुसता थकवा आहे. तिथे परत चार जणांसमोर तपासतील.' मी म्हटलं, 'तरीपण.' ती म्हणाली, 'उद्या शिवणवाल्या काकू येतील, त्यांना विचारते.' मी फार ताणलं नाही. सून आहे. पोटची लेक असती तर कान धरून नेलं असतं, दोन दिवस बोलली नसती तरी चाललं असतं. सुनेचा कान कसा धरू?

चिरंजीवाला निरोप पाठवलाय. त्याच्यापुढे अजून एकच बारीकशी खूण दिसते, म्हणजे पोचला नाही.

तू इथे असतीस तर सरळ आत गेली असतीस. पांघरूण ओढलं असतंस, कपाळाला हात लावला असतास, तिला काय विचारायचं ते विचारलं असतंस आणि बाहेर येऊन मला चार शिव्या हासडल्या असत्यास. त्या खाल्ल्या असत्या मी. मी तुला ऑफिसात जा म्हणालो होतो, तिथून परत येऊ नकोस असं म्हणालो नव्हतो.

हे पत्र तुला मिळेपर्यंत सगळं ठीक झालं असेल, आणि म्हातारा उगाच घाबरला म्हणून तू हसशील. देव करो आणि हसशील. तरी उलटटपाली कळव, काय करू. पानं पाठवू नकोस, दोन ओळी पाठव.

दादा


११ मार्च, दवाखाना

भिंगरी,

मांडीवर बाळ आहे, अक्षर वेडंवाकडं येईल.

काल दुपारी शिवणवाली आली. झबली शिवून आणली होती. आत गेली आणि लगेच बाहेर आली. म्हणाली, 'अहो, काय करताय तुम्ही? ही तापाने भाजतेय. खोलीत वास येतोय, तुम्हाला नाक नाही का?' मी म्हटलं, 'मी आत जात नाही.' मग तिनेच खाली जाऊन टॅक्सी थांबवली. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट चालू होती, ती मी स्वतः जपतो. सूनबाईला खुर्चीवर बसवून नेलं. खाली जाईपर्यंत ती आरशाकडे तोंड करून होती. मला वाटतं, माझ्याकडे बघायला नको म्हणून.

डॉक्टरीणबाई तरुण आहे. तिने भराभर विचारलं. ताप कधीपासून? थंडी वाजली का? लघवी केव्हा झाली? अंगावरून जातंय त्याला वास कधीपासून? एकाही प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही. चार भिंतींच्या घरात आम्ही तीन माणसं, आणि मला काही माहीत नाही. बाळाने दूध किती वेळा ओढलं ते मी सांगितलं. ती म्हणाली, 'बाळाचं नाही विचारत आजोबा.'

मग तिने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. म्हणाली, 'पण चौकशीच्या फोनमध्ये तर सगळं ठीक लिहिलंय.'

मी बाळाची टोपी सारखी केली.

गर्भाशयात जंतू झालेत म्हणाली, आणि ते आता रक्तात शिरलेत. वारेचा तुकडा आत राहिला असेल. आधी आणली असती तर गोळ्या-इंजेक्शनांवर निभावलं असतं. ती हे सगळं आवाज न चढवता बोलली. चढवला असता तर बरं झालं असतं. आता आतल्या खोलीत ठेवलंय, मशीनं लावलीत. काचेतून पाय दिसतात.

पॅसेजमध्ये मी बसलोय ना, त्याच्या बरोबर समोर तुमचा तक्ता आहे. एक कोपरा सुटलाय, पंख्याच्या वाऱ्याने फडफडतो. तीच ती सिस्टर येऊन दाबून गेली. तिने मला ओळखलं. म्हणाली, 'काका, जेवलात का?' भिंगरी, आम्हाला घरी पाठवलं तेव्हाही तीच होती आणि आजही तीच. तिला घर नाही का?

तू मागे म्हणायचीस, बाळ जन्मलं की सगळ्यांच्या माना पाळण्याकडे वळतात, आणि आई मरते ती त्यानंतर. मी तुला म्हणालो होतो, शुभ बोल नाऱ्या. आठवतं?

आत नेताना सूनबाई मला काहीतरी म्हणाली. ते आत्ता लिहवत नाही.

काहीतरी कर. तुझ्या ओळखी असतील. तुझ्या ऑफिसातून इथे कुणाला फोन करता येत असेल. काय करता येतं ते मला माहीत नाही, पण तू मोठ्या ठिकाणी बसतेस, तुला माहीत असेल. हात जोडतो.

दादा


१४ मार्च

भिंगरी,

सूनबाई काल सकाळी गेली.

चिरंजीवाला अजून कळवता आलेलं नाही. जहाजाच्या कंपनीला कळवलंय, ते त्याला सांगतील. म्हणजे कुणीतरी परका माणूस त्याला सांगेल.

बाळ बरं आहे. सगळे तेच विचारतात. बरं आहे.

दादा


२८ मार्च

भिंगरी,

तुझ्या ऑफिसातून पत्र आलं. पाकीट जाडजूड, वर तो गोल शिक्का. मी हात पुसून उघडलं. छापील आहे. 'महोदय, प्रसूतीनंतरच्या सेवेच्या प्रमाणांविषयी आपण दिलेल्या प्रतिसादाबद्दल आम्ही आभारी आहोत. आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे.' सोबत तोच तक्ता, घडी घातलेला. मी कागद उलटा केला, उजेडात धरला. तुझं अक्षर कुठेच नाही. म्हणजे माझी पत्रं तुझ्या हाती पडलीच नाहीत, मधल्यामध्ये कुणी तरी वाचून शिक्का मारतंय. वरातीमागून घोडं, आणि घोड्यावर तक्ता. मी हसलो गं. खरंच हसलो. शिवणवाली बाळाला न्हाऊ घालत होती, तिला वाटलं मला झटका आला.

हे पत्रही तसंच जाईल कदाचित. तरी लिहितो. पाकिटावर या वेळी 'भिंगरी' असंच मोठ्या अक्षरात लिहिणार आहे, खाली कंसात तुझं ऑफिसातलं नाव. कुणी तरी हसेल, कुणी तरी तुला दाखवेल.

चिरंजीव आलाय. आतल्या खोलीत बसून असतो. सूनबाईचा स्वेटर खुर्चीवर तसाच आहे, तो हलवू देत नाही. पोरीला घेतो, पण लगेच परत देतो. आल्या दिवशी त्याने मला एवढंच विचारलं, 'बाबा, ती काही बोलली का?' मी म्हटलं, 'नाही रे, शुद्धीत नव्हती.'

शुद्धीत होती. तुला सांगतो, कारण कुणाला तरी सांगायला हवं आणि त्याला सांगायची माझी छाती नाही. स्ट्रेचरवरून नेत होते, मी बाळाला घेऊन बाजूने चालत होतो. तिने माझी बाही धरली. लग्न होऊन आल्यापासून तिने मला कधी हात लावला नव्हता, वाकून नमस्कार करायची तेवढाच. म्हणाली, 'बाबा, तो फोन आला होता ना, तेव्हा मी जागी होते. उठून बसले होते. वाटलं, आता द्याल.'

बस. रागाने नाही म्हणाली. ती कधी माझ्यावर रागावलीच नाही.

मी दारापलीकडे होतो गं. दार लोटलेलं होतं, कडी नव्हती. तिला हाक मारता आली असती, पण सासरा फोनवर बोलतोय, मध्ये कसं बोलायचं, म्हणून ती गप्प. मला दार ढकलता आलं असतं, पण सून झोपलीय, आत कसं जायचं, म्हणून मी बाहेर. दोघंही एकमेकांचा मान ठेवत होतो. त्या फोनवरच्या पोरीपाशी ती सगळं बोलली असती. बाईमाणूस, परकी, तोंड दिसत नाही, काय लाज? टाके, ताप, सगळं सांगितलं असतं तिने. तेवढ्यासाठी उठून बसली होती.

लिफ्टच्या तपासणीला माझ्या हाताखालच्या पोरांना मी एकच धडा द्यायचो. खाली खड्ड्यात उतरून बघितल्याशिवाय 'ठीक' म्हणायचं नाही, मालक घाई करो की चहा पाजो. एकाला कामावरून काढला होता त्यापायी. आणि घरात मी वरूनच म्हणालो, उत्तम.

परवा पुन्हा फोन आला. दुसऱ्या चौकशीचा. उशीरच झाला होता, पोरी कमी आहेत म्हणे. तीच मुलगी. 'आजोबा, ओळखलंत का? बाळ कसं आहे?' मी सांगितलं. वजन वाढलंय, दूध बाटलीने घेते, दुपारी दोनदा शी, बेंबीची नाळ पडली. मग म्हणाली, 'आणि आई? आज तरी त्यांच्याकडे फोन द्याल ना?' हसतच म्हणाली बिचारी.

वॉर्डातलं तिला कुणी कळवलं नव्हतं. ती म्हणे दुसऱ्या इमारतीत बसते.

मला लगेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. म्हटलं, 'बाळ, त्या दिवशी मी तुला मध्येच तोडलं होतं. ते सगळे प्रश्न आज विचार. पहिल्यापासून.' ती म्हणाली, 'तुम्हाला?' म्हटलं, 'मला.' तिने विचारले. ताप आहे का? मी म्हटलं, माहीत नाही. अंगावरून किती जातंय? माहीत नाही. वास येतो का? ओटीपोटात दुखतं का? टाके ओले आहेत का? माहीत नाही, माहीत नाही, माहीत नाही. झोप लागते का? रडू येतं का? मनातलं बोलायला घरात कुणी आहे का?

तो प्रश्नसुद्धा आहे गं तुमच्या यादीत. कुणी घातला? तू घातलास का? चांगला प्रश्न आहे. तिथे मला पुढे बोलता आलं नाही. पोरगी अगदी हळू म्हणाली, 'आजोबा, आई कुठे आहेत?' मी सांगितलं. ती रडायला लागली. मीच तिला समजावत बसलो, की बाळ, तुझा काय दोष, तू फोन मागितला होतास. मागितला होता तिने. एकदा मागितला आणि म्हातारा माणूस बोलतोय म्हणून मान ठेवला. आमचं सगळ्यांचं सगळंच मान ठेवण्यात गेलं.

तुमचे नियम चुकीचे नाहीत, भिंगरी. मी रोज तो तक्ता वाचतो, घडीवर फाटायला आलाय. पूर्ण दिवस ठेवा, बरोबर आहे, कॉट द्या मग. घरी येऊन बघा, बरोबर आहे, नर्स द्या मग. ते तुझ्या हातात नसेल, तसं माझ्याही नाही. त्या सिस्टरच्या, त्या काउंटरवरच्याच्याही नाही. प्रत्येकाने आपापल्यापुरतं नीट केलं आणि पोर गेली. कुणावर ओरडू सांग? ओरडायला माणूसच सापडत नाही.

पण एक ओळ तेवढी वाढव. सूचना संबंधित विभागाकडे पाठवू नकोस, तूच लिही. लिही, की घरात फोन कुणीही उचलेल. सासरा उचलेल, नवरा उचलेल. तो म्हणेल, सगळं उत्तम. तो म्हणेल, आत्ताच डोळा लागलाय. तो वाईट माणूस नसेल, तरीही त्याचं ऐकू नका. म्हणा, फोन तिच्याकडे द्या. झोपली असेल तर उठवा. झोपमोड झाली म्हणून ती चिडेल, आदळआपट करेल, चार दिवस अबोला धरेल. धरू दे. रागावलेली चालते गं घरात.

तूही रागावलेलीच ये.

दादा